खारूताईचे चार दाखले

कुठल्याशा जंगलात एक खार राहत होती. बिचारी फार विसराळू होती. पावसाळा तोंडावर आलेला, पिल्लं होण्याचे दिवस भरत आलेले आणि राहायला धड ढोली नाही. आंब्याच्या झाडावर एक ढोली रिकामी होती, पण ती पोपटालाही हवी होती. त्या जंगलाचा रिवाजच असा, की रिकामी ढोली साळुंकीबाईंच्या परीक्षेत पहिला येईल त्याला मिळायची. या बाई शाळेच्या खिडकीत बसून इंग्रजी शिकल्या होत्या.

बाईंनी चार शब्द दिले : गेन, प्रॉफिट, ॲडव्हांटेज आणि बेनिफिट. "आपण सगळ्यांना फायदा म्हणून मोकळे होतो. तुम्ही नीट निवडून प्रत्येकाचा एकेक दाखला द्या," त्या म्हणाल्या.

घोकंपट्टी तर पोपटाच्या घरचीच. त्याने "वाढ, नफा, वरचढपणा, लाभ" असे चारही अर्थ एका दमात म्हणून दाखवले. "आणि दाखला?" बाईंनी विचारलं. पोपटाचं तोंड एवढंसं झालं. "तो पाठ नाही केला," तो म्हणाला.

मग खार भीत भीत पुढे आली. "या महिन्यात माझं वजन वाढलं, तो गेन. माकडाला एक आंबा देऊन दोन पेरू घेतले, तो प्रॉफिट. झुपकेदार शेपटीमुळे फांदीवर माझा तोल जात नाही, उंदराचा जातो, ते ॲडव्हांटेज." इथे तिची गाडी अडली. ढोली हातची जाणार म्हणून तिला रडूच आलं. शेवटी ती लाजत म्हणाली, "बाई, पुरलेले चिंचोके मी नेहमी विसरते. सगळे मला हसतात. पण त्यांचीच झाडं झाली आणि आता सशाची पिल्लं तिथं सावलीला बसतात. माझ्या पदरात काही पडलं नाही, पण त्यांचं भलं झालं. ते बेनिफिट असेल का?"

"तेच ते," साळुंकीबाई म्हणाल्या. "ढोली तुझी."

"पण अर्थ तर मलाच येत होते," पोपट कुरकुरला.

"येत होते रे बाळा, पण कोणता कुठे लावायचा ते येत नव्हतं."

त्याच संध्याकाळी खार काड्या-कापूस घेऊन ढोलीत राहायला गेली. आठवड्याभरात तिला तीन गुबगुबीत पिल्लं झाली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत सगळी कोरड्या जागी, उबेत झोपली होती.

तात्पर्य : शब्दाचा अर्थ नुसता घोकून आपला होत नाही, तो आपल्या जगण्याशी ताडून पाहावा लागतो.