डबीतलं नाक

एकदा काय झालं, एका गावात एक मेणकार आला. मेणबत्त्या करणारा नव्हे बरं का, हा माणसांचे चेहरे करायचा. त्याच्याकडे साचा एकच, राणीसाहेबांच्या चेहऱ्याचा. नको असलेलं नाक तो चिमटीत अलगद उचलायचा आणि साच्यातलं नवं बसवायचा. रक्त नाही की दुखणं नाही. जुनं नाक डबीत.

त्या गावात सोनकी नावाची मुलगी होती. नाक बसकं, थेट आजोबांचं. कान सुपासारखे. हनुवटीवर मिरीएवढा तीळ.

मग तिला बघायला पाहुणे आले. पोहे खाल्ले आणि म्हणाले, "मुलगी गुणाची हो, पण नाक..."

आईनं, भागीरथीनं, तिला मेणकाराकडे नेलं.

मग दुसरे आले. त्यांनीही पोहे खाल्ले, वर खोबरं मागून घेतलं आणि म्हणाले, "कान जरा..."

मग कान गेले. तिसरे आले, तेव्हा तीळही गेला. तीनच ना? हो, तीनच.

"आई, आता माझं काय राहिलं गं?" सोनकी म्हणाली.

"गप. आता येतील ते हो म्हणतील."

आणि म्हणाले की! पण गावातल्या सगळ्याच आयांनी हेच केलं होतं.

मग हळदीचा दिवस उजाडला. एका मांडवात सात नवऱ्या, सात पिवळी लुगडी. भागीरथी नवरदेवाकडची उष्टी हळद घेऊन आली आणि तिनं ती मुलीच्या गालाला लावली.

"अहो काकू, मी शेजारची गुंफा!"

भागीरथीच्या हातातली वाटीच पडली. समोर सात तोंडं, सातही सारखी!

"आई, मी इकडे," एक जण म्हणाली.

भागीरथी तिच्याकडे बघतच राहिली. "तू... सोनकीच ना?"

"विचारतेस?" सोनकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पाटावरून उठली आणि तडक मेणकाराकडे निघाली. मागे आई, मागे सगळा मांडव.

मेणकारानं डबी उपडी केली. नाकं, कान, तीळ, सगळ्या गावाचे, एकच ढीग. "यातलं कुणाचं काय, मलाही ठाऊक नाही," तो म्हणाला.

भागीरथी खाली बसली. तिनं शोधलंही नाही हो. हात घातला आणि बसकं नाक उचललं. "हे माझ्या सोनकीचं." मग कान. मग मिरीएवढा तीळ.

"लावू का गं परत?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं बरं का.

सोनकीनं हनुवटी पुढे केली.

मग बाकीच्या आयाही ढिगाशी बसल्या. एकीचंही चुकलं नाही. मेणकार साचा घेऊन जो गेला, तो गेलाच. सोनकीचं लग्न त्याच मांडवात झालं. नवरा तिच्याकडे बघून आधी दचकला, मग खुदकन हसला. त्याचेही कान सुपासारखेच होते! मग सगळी सुखात राहिली.

चला, नाकं तेवढी पांघरुणाबाहेर ठेवा. ज्याचं त्याचं आहे ना जागेवर? मग मिटा डोळे.