बरणीतली हाक

वस्तू बोलत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, तेव्हाची ही गोष्ट. अनसूयाकाकू आलेपाकासाठी आलं सोलत होत्या. टोपलीतल्या एका गड्ड्याला फळीवरच्या बरणीतून हाक आली, "ये बाळा. साखरेत कोणी कुजत नाही, कोणी मरत नाही."

बरणीतल्या, पाकात मुरलेल्या आल्याच्या साऱ्या जुन्या फोडी एकाच आवाजात बोलत होत्या.

गड्ड्याला मोह पडला. तरी त्याने विचारलं, "तुम्ही अजून तिखट आहात ना?"

 साऱ्या फोडी म्हणाल्या, "तिखट म्हणजे काय रे, बाळा?"

गड्ड्याने जिवाच्या आकांताने कोंब बाहेर ढकलला.

काकूंची सुरी थांबली. "अगंबाई, हा फुटलाय की! याला कुंडीत लावते."

मातीखाली जाताना त्याने ऐकलं. बरणी टोपलीत उरलेल्या त्याच्या भावाला बोलावत होती, तितक्याच मायेने.