दोरी बांधलेला दगड

“मग मला शिष्य करून घेणार की नाही, ते तरी सांगा.”

अच्युत सोहोनींनी हा प्रश्न शेवाळावर ओणवं होऊन विचारला. हातात बांबूचा चिमटा होता आणि कमरेची पार वाट लागली होती.

म्हाताऱ्या गेन्शो गुरुजींनी शेवाळातून गवताची एक काडी मुळासकट उपटली आणि टोपलीत टाकली.

“तिकडे अजून गवत आहे,” ते म्हणाले.

जपानच्या डोंगरातला हा मठ. गुरुजींनी तरुणपणी काही वर्षं बोधगयेत काढलेली, त्यामुळे मोडकंतोडकं का होईना, त्यांना हिंदी यायचं. सोहोनी इथे पाहुणे होते, आणि पाहुण्यानं बागेत हातभार लावायचा अशी इथली रीत. बाग तरी कसली, तर नुसतं शेवाळ! आपल्याकडे न्हाणीत एवढं वाढलं तर काथ्यानं खरवडून काढतील. इथे ते लेकरासारखं जपायचं आणि त्यातलं गवत चिमट्यानं वेचत बसायचं.

“गुरुजी, मी हृषीकेशला राहिलोय. ब्रह्मदेशात मौन पाळलंय. श्रीलंकेत भिक्षा मागितलीय. परवा इथलाही मुक्काम संपतोय. तुम्ही नाही म्हणालात, तर थायलंडच्या एका मठात बोलून ठेवलंय.”

“फार चाललात.”

“थांबलोच नाही!”

सोहोनींच्या आवाजात थोडी शेखी होती. पण खरं सांगायचं तर माणूस दमला होता. इतका दमला होता की अंथरुणाला पाठ टेकली तरी झोप येत नव्हती.

“आणि भक्तीत म्हणाल, तर कसूर नाही,” ते पुढे म्हणाले. “तुमच्या त्या देवालासुद्धा रोज सकाळी फूल वाहतो.”

गुरुजींचा चिमटा थांबला.

“कुठल्या देवाला?”

“वाटेवरच्या. काळ्या दोरीनं बांधलाय ना, तो. आधी फूल, मग नमस्कार, आणि मगच पलीकडे कामाला जातो.”

गुरुजी गुडघ्यांवर हात टेकत उठले. वाटेकडे चालू लागले. सोहोनी मागोमाग गेले.

वाट जिथे फुटत होती, तिथे एका फाट्याच्या मधोमध नारळाएवढा एक गोल दगड ठेवलेला होता. दोरीचे आडवे-उभे वेढे, वर गाठ, आणि गाठीत खोचलेलं सकाळचं पांढरं फूल. असा दगड दिसला की आपल्याकडचा माणूस आधी चपला काढतो. सोहोनींनी आताही काढल्या.

“हा ओढ्यातला दगड,” गुरुजी म्हणाले. “दोरी मी बांधली.”

“म्हणजे... स्थापना तुमच्या हातची?”

“वाटेवर असा दगड ठेवला, की इथून पुढे जायचं नाही. एवढंच.”

सोहोनींनी पलीकडे पाहिलं.

तिकडे नवं लावलेलं कोवळं शेवाळ होतं. त्यातून एक तपकिरी, मेलेली वाट गेली होती, आणि ती त्यांच्याच पावलांची होती. कडेचे काही तुकडे कुणीतरी उचलून पुन्हा नीट दाबून बसवले होते. गुरुजींच्या नखांत ओली माती होती. सोहोनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला सांगायचं तरी!”

“रोज सांगत होता,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी दगडाकडे बोट केलं.

...

सोहोनी बाजूच्या पायरीवर बसले. कुणी न विचारता बोलू लागले.

“बायकोचं, सुमतीचं, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी निघालो. मुलगी म्हणाली, बाबा, थोडे दिवस घरी राहा. मी बॅग भरून मोकळा. नाशिकचं घर तेव्हापासून बंदच आहे... मी रडलोसुद्धा नाही, गुरुजी.”

सोहोनींनी स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

“तिचे गुडघे दुखायचे. बाजारात, देवळात, कुठंही जा, मी पुढे आणि ती मागे राहिलेली. ‘अहो, जरा थांबा ना,’ म्हणायची. मी वळून बघायचो... आणि पुन्हा चालायला लागायचो.”

पुढचं त्यांना बोलवेना. इतक्या दिवसांचं अडवून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं, आणि साठीचा तो माणूस परक्या देशातल्या त्या पायरीवर हुंदके देऊन रडला.

जरा शांत झाल्यावर त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. चिमटा शोधला. ओशाळून उठू लागले.

“चला, तिकडचं गवत राहिलंय...”

गुरुजींनी वाकून तो दगड उचलला. दोन्ही हातांनी आणला आणि सोहोनींच्या पावलांपुढे ठेवला. अगदी अंगठ्यांना लागून.

सोहोनी परत खाली बसले.

“आणि थायलंड?”

गुरुजींनी दगडावरची गाठ घट्ट केली.

“मग मी आता करू तरी काय, गुरुजी?”

गुरुजी त्याच पायरीवर टेकले. जरा पलीकडे सरकून, मधे एका माणसापुरती जागा सोडून.

“त्या मागे राहिल्यात. येऊ द्या त्यांना,” ते म्हणाले.