निवृत्तीचा प्रायोगिक राखणदार

द्राक्षं पिकवणाऱ्या एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? कुणी 'जरा थांब' म्हटलं, तर 'आता चल' म्हणेपर्यंत हा तिथेच उभा. अशा माणसाला गावाने कुठे बसवावं? द्राक्षसंघाच्या मेल सर्व्हरवर! संघाची एकूण एक ईमेल त्याच यंत्रातून ये-जा करायची.

यंदाचा माल शीतगृहात भरून पडला होता. हॉलंडच्या व्यापाऱ्याचा होकार आला तर माल निघणार, नाहीतर गावाने बेदाणे चघळत बसायचं. संघाच्या अध्यक्षा अनसूयाअक्का उठता-बसता विचारायच्या, "आली का रे ईमेल?"

यायची ती लॉटरीवाल्यांची. म्हणून निवृत्तीने सर्व्हरला एक प्लगइन जोडलं. प्लगइन म्हणजे बाहेरून आणून दारावर बसवलेला राखणदार. चांगली ईमेल आत, वाईट बाहेर. असा राखणदार बसवायची जी जोडणी सर्व्हरला होती, तिच्यावर सर्व्हर बनवणाऱ्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, 'प्रायोगिक आहे. न सांगता बदलू.'

"हे काय रे?" अक्कांनी विचारलं.

"काळजी नको, अक्का. न सांगता बदलणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय."

अक्कांना पटलं. गावात शहाण्यांचा एकूण तुटवडाच होता.

मग सर्व्हरची नवी आवृत्ती आली. निवृत्तीने ती घातली, तशी जोडणी आपोआप आतल्या आत बदलून गेली. आता राखणदार म्हणे 'आत घे' आणि सर्व्हर ऐके 'हाकलून दे'. लॉटरीवाले आत येऊन ऐसपैस बसले. खतवाल्याची, ट्रकवाल्याची ईमेल आल्या पावली परत.

अक्का कडाडल्या, "अरे, नवी आवृत्ती घालण्याआधी राखणदार काढायचा!"

"बरं अक्का. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या आवृत्तीला त्याने राखणदार काढला. काढला तो काढलाच. दार सताड उघडं. एक व्हायरस आला आणि वजनकाट्याचा संगणक बंद पाडून गेला.

"अरे शहाण्या, काढलेलं पुन्हा जागेवर लावायचं असतं!"

"बरं अक्का. पुढच्या वेळी तसंच करतो."

त्याने राखणदार लावला. राखणदाराने लगेच दुसरा व्हायरस पकडून बाहेर काढला. काढलेलं दिसल्याबरोबर निवृत्तीने तो व्हायरसच पुन्हा जागेवर लावला. नुकताच दुरुस्त करून आणलेला वजनकाटा परत आडवा झाला.

अक्कांनी कपाळावर हात मारला. मग चष्मा लावून जोडणीवरचं ते वाक्य पहिल्यांदा नीट वाचलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. अख्ख्या गावाची वर्षभराची मेहनत असल्या जोडणीवर टांगलेली!

"नीट ऐक, निवृत्ती. जिथे म्हणून 'प्रायोगिक' दिसेल, तिथे भरवसा ठेवायचा नाही. दिसलं की काढून टाकायचं. मला विचारतसुद्धा बसू नकोस."

"बरं अक्का."

निवृत्तीने प्लगइन काढलं आणि सर्व्हरची मूळची साधी चाळणी चालू केली. यंत्र गुमान चालू लागलं. अक्कांना वाटलं, पोरगं सुधारलं. त्या निर्धास्त मनाने शीतगृहात माल बघायला गेल्या. परतल्या तेव्हा निवृत्ती दारातच हसत उभा होता.

"आली का रे ईमेल?"

"आली ना, अक्का! हॉलंडचीच."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय म्हणतोय रे तो?"

"म्हणतोय, यंदा तुमची सगळी द्राक्षं प्रायोगिक तत्त्वावर घेतो. आवडली तर दरवर्षी घेईन."

"मग?"

"मग काय? दिसल्याबरोबर ईमेल काढून टाकली. आणि पुन्हा पाठवू नये म्हणून त्याला कळवूनही टाकलं, आमच्या अक्कांचा तुमच्यावर काडीचा भरवसा नाही."