अध्यक्षांनी पास केलेले ब्रेक पॅड

जर्मनीत वाहन अभियांत्रिकी शिकून परतताना वाटलं होतं, आमच्या आश्रमशाळेत माझा तीस पानी सुरक्षा-अहवाल सगळे उत्सुकतेनं वाचतील. प्रत्यक्षात अध्यक्ष दौलतरावांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

शाळेची जीप रोज चौदा मुलांना घेऊन घाट उतरायची. तिचे ब्रेक पॅड झिजून संपले होते. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड किंचाळायचं.

“आवाज येतोय म्हणजे ब्रेक लागतोय,” दौलतराव म्हणाले. “अजून वर्षभर चालतील, ताई.”

मी अहवालाचं बारावं पान उघडलं. मेकॅनिक इनूसभाई मात्र उठले आणि दौलतरावांच्या गाडीला जॅक लावू लागले.

“हे काय चाललंय?”

“दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, साहेब. तुमचे पॅड गेल्याच महिन्यात टाकलेत, ते जीपला लावतो. जीपचे वर्षभर चालणारे तुम्हाला. संध्याकाळी घाटानंच उतरणार ना?”

दौलतरावांनी पुढे होऊन जॅकचा दांडा धरला.

“जीपला नवीन आणा,” ते म्हणाले. “आजच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहवालाची एकोणतीस पानं काढून टाकली. उरलेल्या पानावर एकच नियम लिहिला: अध्यक्ष ज्या पॅडना ‘चालतील’ म्हणतील, ते आधी अध्यक्षांच्या गाडीला लावावेत.