घोटभर रॉकेल

आटपाट नगराबाहेर एक कोठी होती. घर बदलणारी माणसं आपलं सामान तिथे भाड्याने ठेवत. कापडाखाली शिरलेली वस्तू लगेच झोपी जाई आणि घराची स्वप्नं पाही. जळणारं काही आत आणू नये, असा तिथला नियम होता.

एका पितळी स्टोव्हला मात्र झोप येत नव्हती. त्याच्या पोटात घोटभर रॉकेल उरलं होतं. कोठी सांभाळणारी सगुणाबाई तपासणीला आली, की तो श्वास रोखून धरी.

"भाऊजी, तिला कळू द्या," शेजारची गादी अर्धवट झोपेत म्हणाली. "माझ्या स्वप्नात धूर येतो."

"तुला काय, नुसतं लोळायचं," स्टोव्ह म्हणाला. "मालकीणबाई परतल्या की पहिला चहा माझ्यावर व्हायचा. रिकाम्या स्टोव्हला कोण विचारतं?"

एका दुपारी छताचे पत्रे तापले आणि रॉकेलचा वास खोलीत पसरू लागला. शेजारचा पाळणा झोपेतच पुटपुटला, "काका, बाळाला ठसका लागतोय."

पाळणा रिकामाच होता. बाळ फक्त त्याच्या स्वप्नात होतं. तरीही स्टोव्हला राहवेना. सगुणाबाई दाराशी येताच त्याने रोखलेला श्वास सोडला.

"तू होय रे लबाडा," म्हणत तिने त्याला बाहेर नेलं, रॉकेल काढून घेतलं आणि पुसून पुन्हा जागेवर ठेवलं.

स्टोव्हला हलकं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

"बाळ कसं आहे?" त्याने विचारलं.

"निजलंय, काका," पाळणा म्हणाला. "हळू बोला."