विद्यापीठाचा अर्धा मनोरा

"…पण चर्चचा मनोरा अर्ध्यावरच का सोडला, ते तरी सांगा, फादर!"

सिप्रियन शेळकेने तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारे फादर मथियास चर्चच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते.

सिप्रियन याच कॅथलिक विद्यापीठात शिकून आर्किटेक्ट झालेला. विद्यापीठाच्या चर्चचा इतिहास त्यानेच लिहिला होता. कमानी किती, रंगीत काचा कुठल्या, काळा दगड कुठल्या खाणीतला, सगळं तोंडपाठ. हुशार होता, वादच नाही. ते त्यालाही ठाऊक होतं, हीच पंचाईत.

"तू काय लिहिलंस?"

"बहात्तर साली बांधणाऱ्यांची जिद्द सरली, असं." तो ताठ बसला. "माझी नाही सरणार. उद्या समितीपुढे नकाशा ठेवतोय. नव्वद फूट! तुम्ही हो म्हणालात तर कुणी अडवणार नाही. त्या वेळचे तुम्ही एकटेच उरलात."

फादरांनी नकाशावर बोट ठेवलं. "इथं काय?"

"नवा पाया. मागची ती पडीक विहीर बुजवायची."

फादर हातातल्या शेंगा टाकून काठी टेकत उठले.

"फादर?"

"चल."

विहिरीला घाणेरीच्या झुडपांनी वेढलं होतं. फादरांनी काठीने फांद्या बाजूला केल्या. सिप्रियन वाकला, आणि तसाच राहिला.

आतून विहीर काळ्या घडीव दगडात बांधलेली होती. एका दगडावर कोरलेला क्रूस. दुसऱ्यावर लिलीची फुलं. प्रत्येकावर पाथरवटाचा आकडा. हे आकडे त्याने जुन्या नकाशात शंभरदा पाहिले होते. मनोऱ्याचा तिसरा मजला, चौथा मजला…

"हे… हे तर वरचे दगड!"

"दुष्काळात चार गावं इथं पाण्याला यायची. विहीर कच्ची, कडेचा मुरूम ढासळायचा. एक बाई आत गाडली गेली. दुसऱ्या दिवशी थोरल्या फादरांनी गवंडी मनोऱ्यावरून खाली उतरवले. अकरा महिने खपले ते. आम्ही सेमिनरीत शिकणारी पोरं दगड वाहायचो."

"मग कुठंच नोंद कशी नाही?"

"सवड कुणाला होती?"

सिप्रियनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिद्द सरली, हे वाक्य त्याने किती तोऱ्यात लिहिलं होतं! आपण ज्यांना नावं ठेवली ते असे होते… त्याने नकाशाची गुंडाळी केली. पण मूळचा हट्टी. गप्प राहवेना.

"म्हणजे मी मनोरा पुरा करूच नको?"

"नको कोण म्हणतंय?"

फादरांनी झगा कमरेला खोचला. काठी टेकत विहिरीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"चार हात गाळ साचलाय. आधी तो काढू. उतर."